ग्रुपमधला एक जण कायम सगळ्यात भारी कॅरॅक्टर बांधून आणतो. त्याला थांबवावं का?

तुम्ही लिहिलंय की निपाणीत मित्रांना घेऊन डंजन्स अँड ड्रॅगन्स (फासे टाकत, आपापलं पात्र म्हणजे कॅरॅक्टर घेऊन गोष्ट खेळायचा टेबलावरचा खेळ) चालवता, एक जण दर वेळी असा फायटर, म्हणजे लढवय्या, बांधून आणतो की बाकीच्यांची टर्न येईपर्यंत शत्रू आडवा झालेला असतो, आणि कंटाळून दुसऱ्या एकाने यायचंच बंद केलंय. फायटरवाल्याला थांबवू नका. मी बेळगावात टिळकवाडीला रविवारी डीएम, म्हणजे खेळ चालवणारा, म्हणून बसतो. ज्याने नियमांचं पुस्तक मन लावून वाचलंय, त्याला त्या वाचनाबद्दलच बोल लावणं मला पटत नाही.

आकडे बघणाऱ्याला पात्र रंगवता येत नाही, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ आणला तेव्हा तीन फासे टाकायचे आणि ताकद, बुद्धी अशा सहा गुणांना ओळीने जे पडेल ते घ्यायचं. निवडायला फार काही नव्हतंच. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत फीट, म्हणजे निवडून घ्यायच्या खास करामती, आल्या आणि कॅरॅक्टर बांधणं हा स्वतंत्र नाद झाला. २०१४ च्या पुस्तकातल्या पॉइंट बायमध्ये (फासे न टाकता पॉइंट खर्चून गुण घ्यायची पद्धत) २७ पॉइंट मिळतात, त्यात तीन गुण १५ आणि तीन गुण ८ असंही बसवता येतं. पुस्तकानेच निवड हातात दिली, मग ती विचार करून केली तर राग कशाचा? आणि बुद्धी ८ म्हणजे काही ठोंब्या नव्हे, फाशावर फक्त उणे १. असाच एक फायटर घेऊन आमच्याकडच्या एकाने, येळ्ळूरच्या राजहंसगडावर बेतलेल्या मोहिमेत, किल्लेदाराशी इतकी सुंदर बोलणी केली की लढाईच टळली. टेबलावर आकड्यांत सगळ्यात पक्का तोच.

तुमच्या फायटरने ग्रेट वेपन मास्टर ही फीट घेतलीय म्हणता, तर त्याचं गणित मांडून बघा. २०१४ च्या नियमात हल्ल्याच्या फाशातून ५ वजा केले की माराला १० वाढवून मिळतात. पाचव्या लेव्हलला, स्ट्रेंथ (ताकद) १८ असताना, हल्ल्याला अधिक ७ आणि दोनहाती तलवारीचा मार सरासरी ११. क्रिटिकल, म्हणजे फाशावर २० पडल्यावरचा जादा मार, बाजूला ठेवू. समोरच्याचा आर्मर क्लास (वार लागायला वीस बाजूंचा फासा आणि हल्ल्याचा आकडा मिळून गाठायचा आकडा) १५ असेल तर साधा वार ६५ टक्के वेळा लागतो, म्हणजे वाराला सरासरी ७.१५. फीट वापरली तर लागतो ४० टक्के, मार २१, सरासरी ८.४. आर्मर क्लास १८ झाला की उलट तोटा, ५.५ चे ५.२५. आता क्लेरिकने (देवाच्या कृपेने मंत्र टाकणारं पात्र) ब्लेस हा मंत्र टाकला असं धरा. तिघांना हल्ल्यात चार बाजूंचा एक फासा जादा मिळतो, सरासरी २.५, आणि १५ च्या आर्मर क्लाससमोर तोच फीटवाला वार सरासरी ११ वर जातो. सगळ्यात मोठी उडी शेजारच्याच्या मंत्रामुळे येते! हे ज्याच्या डोक्यात बसलंय त्याच्याकडे एकदा क्लेरिक द्या, बाकीचे कसे खुलतात बघा. (२०२४ च्या पुस्तकातून हा वजा ५ चा सौदा काढून टाकलाय, तेव्हा तुमच्याकडे कुठलं पुस्तक आहे ते आधी ठरवून घ्या.)

आता आपल्या भागाचं बोलतो, कारण मला इथेच जास्त वाटतं. बिल्डची, म्हणजे कॅरॅक्टर कसं बांधायचं त्याची, सगळी माहिती, व्हिडिओ, तक्ते, चर्चा, इंग्रजीत. शहरात इंग्रजी शाळेतून इंजिनिअरिंगला गेलेला मुलगा ते एका बैठकीत वाचून काढतो. खानापूरकडून येणारा, मराठी शाळेत शिकलेला मुलगा फासे, नकाशा, कोडी यात कुणाला ऐकत नाही, पण त्याची शीट (कॅरॅक्टरचे आकडे लिहिलेला कागद) पहिल्या दिवशी कुणीतरी घाईत भरून दिलेली असते. गोकाककडच्या कन्नड शाळेतल्या मुलाचंही तेच. आमच्याकडे असा एक जण खेळ संपल्यावर म्हणाला होता, "मी नुसता बसून होतो की." त्याची हुशारी कमी नव्हती. त्याच्यापर्यंत माहितीच पोचली नव्हती.

म्हणून तुमचा फायटरवाला आणि यायचा बंद झालेला, या दोघांना एकत्र बसवा. काय व्हायचंय ते दुसऱ्याने सांगायचं, समजा जंगलात माग काढणारा. त्यासाठी काय घ्यावं आणि का घ्यावं, हे फायटरवाल्याने मराठीत समजावून सांगायचं, आणि शीटवर शेवटचा शब्द दुसऱ्याचाच. आकड्यांची आवड असलेल्याला हे काम मनापासून आवडतं असा माझा अनुभव आहे.

फक्त त्याच्यासाठी मोठा राक्षस आणू का, असं विचारलंय. नको. त्याला जो जेमतेम जखमी करेल तो बाकीच्यांना एका फटक्यात संपवेल. एकटा बलाढ्य शत्रू असला की जोरात मारणाऱ्याचंच फावतं. त्यापेक्षा पुष्कळ लहान शत्रू आणि दोन-तीन ठिकाणी एकदम काम काढा. बेळगावच्या किल्ल्यासारखा खंदक घ्या: एकाने दरवाजा धरायचा, एकाने पलीकडे जाऊन दोर कापायचा, एकाने कैद्यांना बाहेर काढायचं. फायटर एका वेळी एकाच जागी उभा राहू शकतो.

तो दुसऱ्याच्या टर्नमध्ये "तू हे कर, ते कर" सुरू करत असेल तर मात्र तिथल्या तिथे थांबवा. त्याचा शीटशी संबंध नाही.

आणि जो यायचा बंद झालाय त्याला ग्रुपवर मेसेज टाकू नका. घरी जाऊन भेटा, त्याला खेळात काय व्हायचं होतं ते विचारा, आणि मगच फायटरवाल्याला बोलवा.