'बाबा'च्या जागी 'मामा' वाचू नका (उत्तर जरा लांबलंय)

ताई, तुमची पोस्ट काल रात्री वाचली, आज सकाळी परत वाचली. साडेतीन वर्षांची मुलगी, घरात तुम्ही, तुमची आई आणि भाऊ. आणि मराठी चित्रपुस्तक उघडलं की पहिल्याच पानावर आई-बाबा-ताई-दादा. कोणती पुस्तकं घेऊ, असं तुम्ही विचारलंय. मी मात्र तुमच्या शेवटच्या ओळीपाशी अडकलो: "सध्या 'बाबा' आला की मी 'मामा' वाचते, तिला काही कळत नाही."

कळेल. म्हणून लिहायला बसलो.

आधीच सांगतो, मी शिक्षक नाही, बालमानसतज्ज्ञ तर नाहीच. वीज कंपनीत नोकरी करतो. बायको गेली तेव्हा मुलगा अडीच वर्षांचा होता, आता अकरा पूर्ण झालीत. तुमच्याकडे घटस्फोट आहे, बाबा हयात आहेत, त्यामुळे माझं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू होणार नाही. रोज वाचून दाखवा, पुस्तक मुलाच्या हातात द्या, फाटलं तर ओरडू नका वगैरे तुम्हाला माहीतच असणार, ते सोडून देतो.

तर आमच्याकडे काय झालं. मराठी बालपुस्तकांत आई किती असते हे आई नसलेल्या घरातच कळतं. आई छत्री देते, आई डबा देते, आई रागावते, आई जवळ घेते. पहिल्या आठवड्यात मी वाचताना 'आई'च्या जागी 'आजी' म्हणायला लागलो. घरात आजी होतीच, डबाही तीच देत होती. पोरगं खूश. मला वाटलं, काय युक्ती सापडली! मग आणखी शहाणपणा सुचला. माझ्या बहिणीने वाचून दाखवलं तर ती 'आई' म्हणेल, म्हणून मी एका रविवारी व्हाइटनर घेऊन बसलो. 'आई' आणि 'आजी' यांत फरक एका अक्षराचा. 'ई' पुसायची, वाळू द्यायचं, काळ्या स्केचपेनने 'जी' लिहायचं. चौदा पुस्तकं केली. चित्रातली बाई तरुण, केस काळे, पण अडीच-तीन वर्षांचं मूल आजीच्या केसांवरून वाद घालत नाही.

दोन वर्षं हे बिनबोभाट चाललं. तो पाच वर्षांचा झाला, शाळेत मुळाक्षरं झाली. एका संध्याकाळी वाचनालयातून आणलेलं पुस्तक वाचत होतो. ते परक्याचं, त्यामुळे व्हाइटनर नाही. मी सवयीने म्हणालो, "आजी म्हणाली, थांब." त्याने बोट ठेवलं. "बाबा, ही ई आहे. ईडलिंबूची ई. जहाजाचा ज कुठाय?"

मी म्हणालो, छापायला चुकलंय. ही दुसरी चूक, आणि पहिलीपेक्षा मोठी.

तो उठला, कपाटातून स्वतःची पुस्तकं काढली आणि फरशीवर पसरून बसला. पांढरा ठिपका दिसेल तिथे नखाने खरवडायचा. बहुतेक ठिकाणी खालून 'ई' निघत होती. तो रडला नाही, ओरडला नाही, नुसता मोजत होता. पुढे कितीतरी महिने मी वाचलेलं प्रत्येक वाक्य तो आत्याकडे नेऊन विचारायचा, "इथे हेच लिहिलंय ना?"

तेही चाललं असतं. जिव्हारी लागलं ते पुढचं. पहिलीत बाईंनी बोलावून सांगितलं, मुलगा छान वाचतो, पण एक शब्द गाळतो. 'आई' आला की थांबतो, पुढच्या शब्दावर उडी मारतो. घरी विचारलं तर म्हणाला, "तो शब्द आपल्यात म्हणत नाहीत ना?" कुणी त्याला असं सांगितलं नव्हतं. मी चौदा पुस्तकांतून सांगितलं होतं.

म्हणून विनंती, हट्टच समजा. पानावर 'बाबा' असेल तर 'बाबा' वाचा. 'बाबा' आणि 'मामा' यांतही फरक 'ब' आणि 'म'चाच आहे, तुमची मुलगी दीड वर्षात पकडेल. वाचून झाल्यावर थांबायची तयारी ठेवा. आम्ही उशिरा का होईना 'आई' वाचायला लागलो, तेव्हा तो विचारायचा, "माझी आई पण छत्री द्यायची?" मी सांगायचो, नाही रे, ती स्वतःचीच छत्री दर पावसाळ्यात कुठेतरी विसरून यायची. त्याला ते इतकं आवडायचं की छत्रीचं पान तो मुद्दाम काढायचा. तुमच्याकडे बाबा भेटायला येतात की नाही हे पोस्टमध्ये नाही, त्यामुळे उत्तर काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. शब्दाला मात्र कुलूप लावू नका.

आता पुस्तकांबद्दल. ही माझी मतं, पटली नाहीत तर सोडून द्या.

लहानपणी सरकारी दवाखान्याच्या भिंतीवर कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण आणि चार चेहरे असायचे, आठवतात? आई, बाबा, मुलगा, मुलगी. आपल्या पुस्तकांतलं कुटुंब त्या भिंतीवरून उतरून आल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात महाराष्ट्र असा कधी होता? रत्नागिरी-सिंधुदुर्गात पिढ्यान्‌पिढ्या बाप मुंबईला, घरी फक्त गणपती-शिमग्याला. शेजारी गोव्यातही कुणाचा बाप बोटीवर. बीडकडे दिवाळीच्या सुमारास आईबाप ऊसतोडीला निघतात आणि पोरं आजी-आजोबांपाशी नाहीतर हंगामी वसतिगृहात. साताऱ्याकडे वडील फौजेत. 'वेगळं कुटुंब' म्हणून जे म्हणतात ते गावोगाव आहे, चित्रातच येत नाही. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दाखवले तर त्याची बातमी झाली! यावरून काय ते समजा.

त्यामुळे दुकानात गेलात की पाठचा मजकूर वाचू नका. मधलं पान उघडा. ओट्यापाशी कोण, पेपर घेऊन कोण बसलंय, ताटं किती मांडलीत, हे बघा. मग बघा की गोष्ट कशाची आहे. हरवलेल्या चपलेची, मांजराच्या पिल्लांची, लाइट गेल्याची असेल आणि घरात सहज आजी नि मामा असतील, तर डोळे झाकून घ्या. आणि 'बाबा नसलेल्या मुलीची गोष्ट' असेल, शेवटच्या पानावर पालकांसाठी संदेश असेल, तर परत ठेवा. मी असली पुस्तकं बाहेरून मागवली होती, महाग होती. एकात गेलेली आई चांदणी होते. माझा मुलगा पुढचे पंधरा दिवस रात्री गच्चीवर यायला तयार नव्हता, आई वरून बघतेय म्हणून. काही मुलांना याच पुस्तकांनी बरं वाटतही असेल, मी नाकारत नाही. पण घरात एखादं असावं, अख्खा गठ्ठा नको. रोज रात्री तेच वाचलं की मुलाला वाटतं, आपल्या घरात काहीतरी दुरुस्त करायचं राहिलंय.

शेवटी नवे बाबा येतात आणि सगळं छान होतं, अशीही पुस्तकं असतात. त्यांच्यापासून लांब राहा.

लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरेंची पुस्तकं तुमच्याकडे असतीलच असं धरतो. घरातली माणसं त्यांच्याइतकी खरी फार कमी जणांनी काढलीत. चेन्नईच्या तूलिका प्रकाशनाची मराठी आणि द्विभाषिक पुस्तकं बघा, घरं आणि कपडे निरनिराळ्या प्रांतांतले दिसतात. स्वस्तात हवी असतील तर प्रथम बुक्स. त्यांचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ 2015 पासून आहे, मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात, वाचनाच्या चार पातळ्या आहेत, तुम्ही पहिल्या पातळीपासून सुरू करा. तिथली गोष्ट क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली असते, म्हणजे मूळ लेखक-चित्रकारांची नावं ठेवून तुम्ही मजकूर बदलून स्वतःची आवृत्ती करू शकता. मामा हवा असेल तर तिथे घाला, छापा आणि जे छापलंय तेच वाचा. मला हे आधी कळलं असतं तर व्हाइटनरचे पैसे वाचले असते.

आणि शब्द नसलेली चित्रपुस्तकं जरूर आणा. यांना लोक फार कमी लेखतात, 'पैसे देऊन नुसती चित्रं?' म्हणतात. पण त्यात कोण कोणाचं कोण हे मूलच ठरवतं. माझ्या मुलाने एका बाजाराच्या चित्रातल्या मिशीवाल्या दुकानदाराला 'आत्या' ठरवलं होतं. का, ते विचारू नका.

शाळेचं थोडं बोलतो, नाहीतर झोप लागणार नाही. बालवाडीत 'माझे कुटुंब' हा विषय येणारच. आमच्या इथल्या बालवाडीने (नाव घेत नाही) दुकानात मिळणारा छापील तक्ता आणायला सांगितला, त्यात चौकटी ठरलेल्या. आईच्या चौकटीत मुलाने आजीचा फोटो लावला तर बाईंनी तो काढून घरी पाठवला, 'योग्य फोटो आणावा' अशी चिठ्ठी लावून. मी त्याच्या आईचा फोटो दिला. मग म्हणाल्या, हार घातलेला नको. अहो, हार नव्हता, साडीची किनार होती! कार्यालयात जाऊन बोललो तर उत्तर मिळालं, मदर्स डेच्या दिवशी त्याला घरी ठेवा, म्हणजे त्याला वाईट वाटणार नाही. पुढच्या वर्षी शाळा बदलली. तुम्ही आधीच बाईंना भेटा आणि नुसतं बोलून येऊ नका, वर्गासाठी दोन पुस्तकं घेऊन जा. कोरा कागद मागून घ्या, चौकटीचा तक्ता नको म्हणावं.

घरचं पुस्तकही करून बघा. आठ फोटो, प्रत्येकाखाली एक ओळ, झेरॉक्सवाल्याकडून लॅमिनेशन आणि स्पायरल. आमच्यात आजीच्या पानाखाली 'आजी चहा गाळते' एवढंच होतं आणि त्या पानाचा कोपरा आधी झिजला. ओळ तुम्ही सुचवू नका, मुलगी सांगेल तीच लिहा, व्याकरणासकट.

पुण्यात असाल तर अप्पा बळवंत चौकात शाळा सुरू व्हायच्या पंधरवड्यात जाऊ नका, पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत दुकानदाराला चित्रपुस्तकं काढून दाखवायला वेळ नसतो. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव असतो, तिथे मुलीला खाली बसवून निवांत चाळता येतं.

आणि तुम्ही नुसतं तोंडी बदलत असाल तर आजपासून थांबा, काही बिघडलेलं नाही. पण माझ्यासारखं व्हाइटनर लावून बसला असाल तर एक सांगतो: गुळगुळीत कागदावरचा नखाने निघतो, साध्या कागदावरचा कागद घेऊनच निघतो. आमच्या दोन पुस्तकांत 'आई'च्या जागी अजून भोकं आहेत, तिथून मागच्या पानावरचं चित्र दिसतं.