चौकातली वाहनमोजणी नागरिकांकडून करून घेतली तर आकडे भरवशाचे येतात का?

येतात, पण एकेकाच्या वाट्याला कमी काम दिलं तर. चार रस्त्यांच्या चौकात यू-टर्न सोडले तरी 12 हालचाली होतात: प्रत्येक रस्त्यावरून डावीकडे, सरळ आणि उजवीकडे. गर्दीत एका माणसाला एक किंवा दोनच द्या. तक्त्यात 15-15 मिनिटांचे रकाने हवेत आणि प्रकार मोजकेच: पायी, सायकल, दुचाकी, रिक्षा, कार, बस, ट्रक. प्रत्येकामागे एक रेघ: चार उभ्या, पाचवी आडवी. मंगळवार ते गुरुवार, सकाळ-संध्याकाळ गर्दीचे दोन-दोन तास पुरतात. पाऊस किंवा खोदकाम असेल तर तेही लिहा.

गडबड होते ती व्याख्येत. ढकलत नेलेली सायकल कुठे धरायची? रस्ता अर्धा ओलांडून परत फिरलेला माणूस? हे आधी ठरवा आणि अर्धा तास सराव मोजणी घ्या. मधेच दोघांना एकच हालचाल 15 मिनिटं मोजायला लावा. दहा टक्क्यांहून जास्त फरक पडला, तर बहुधा दोघांनी नियम वेगळा धरलाय. दोन तासांनी माणूस बदला, कारण थकल्यावर चुका वाढतात.

चुकलेला रकाना अंदाजाने भरू नका, अख्ख्या रकान्यावर रेघ मारा. शून्य म्हणजे कुणी गेलं नाही, ही रकानाभर रेघ म्हणजे मोजलं नाही.

प्रवास नोंदवणाऱ्या फोन अ‍ॅपच्या जीपीएस नोंदींतून मार्ग छान कळतो, एकूण संख्या नाही: लहान मुलं आणि बरेच म्हातारे त्यात नसतातच. शिवाय प्रवासाच्या दोन्ही टोकांचे 200 मीटर नोंदीतून कापा, नाहीतर घराचा पत्ता उघडा पडतो.