ईईजीवरून चित्र ओळखायचंय? आधी हे बघ

अरे, ईईजी म्हणजे डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी टिपलेले मेंदूचे विद्युत सिग्नल. त्यांवरून समोरचं चित्र ओळखणाऱ्या मॉडेलला ९० टक्के अचूकता आली म्हणून लगेच पेढे वाटू नकोस. मलाही पहिल्यांदा अशीच आली होती. आधी सगळी कुत्री सलग दाखवलेली, मग सगळ्या खुर्च्या. मॉडेलने कुत्रा ओळखलाच नव्हता, वेळ ओळखली होती. सिग्नल हळूहळू सरकतोच ना. चित्रं पिसून दाखव, चाचणीची वेगळी ठेव.

सुरुवातीला थिंग्ज-ईईजी२ हा तयार डेटासंच घे: १० जण, चाचणीची २०० चित्रं, प्रत्येक ८० वेळा. तिथे २०० तलं एक अंदाजपंचे निवडलं तर ०.५ टक्केच मिळतात.

स्वतः रेकॉर्डिंग करणार असशील तर पुण्याचा एप्रिल टाळ. टोपीखाली घाम येतो, जेल पसरून शेजारचे इलेक्ट्रोड एक होतात. डोक्याला तेल लावून येऊ नका, हे आदल्या दिवशीच सांग. आणि सिग्नलमध्ये ५० हर्ट्झची, म्हणजे विजेच्या पुरवठ्याची, गुणगुण दिसली की आधी लॅपटॉपचा चार्जर काढ.