पाठीचे उपचार आणि ताटातील भाज्या : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कंबरदुखीसाठी मी कायरोप्रॅक्टरकडे (हातांनी मणके व सांधे दाबून-वळवून उपचार करणाऱ्याकडे) जातो. त्यांनी भाज्या-फळांत वैविध्य ठेवायला सांगितले आहे. आमच्याकडे दोन्ही वेळा भाजी होतेच. मग वेगळे काय करावे?

उत्तर : आठवडाभर शिजलेल्या भाज्या एका कागदावर लिहून पाहाव्यात. बहुतेक घरांत बटाटा, फ्लॉवर, वांगे आणि मेथी आलटूनपालटून येतात, आणि कांदा-टोमॅटो तर सगळ्यांतच असतो (नाशिककराला त्यावाचून फोडणी सुचत नाही, हेही खरे). जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे-भाज्या खाण्यास सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. वैविध्याचे कारण असे की एका भाजीतील उणीव दुसरी भरून काढते. पालकात कॅल्शियम असले तरी त्यातील ऑक्झलेट या कॅल्शियमला बांधून ठेवणाऱ्या घटकामुळे ते शरीराला फारसे मिळत नाही, मुळ्याच्या पाल्यात ही अडचण बरीच कमी असते. नाशिकच्या गंगाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून दर खेपेस नेहमीच्या यादीबाहेरची एक भाजी आणावी. पावसाळ्यात पेठ-सुरगाण्याकडून येणारी करटोली व टाकळा या रानभाज्या त्यासाठी उत्तम.

प्रश्न : असे खाल्ल्याने पाठ लवकर बरी होईल का?

उत्तर : मणक्यांमधली सरकलेली चकती कोणत्याही भाजीने जागेवर येत नाही, आणि तसे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. आहाराचा उपयोग आडवळणाने होतो. काही वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते, शौचाला कुंथावे लागले की दुखऱ्या कमरेत कळ येते. तेथे पालेभाज्या, गवार, सालासकट खाल्लेले पेरू आणि पुरेसे पाणी खरोखर कामास येतात. वजन आटोक्यात राहिल्यास कमरेवरचा भारही कमी होतो.

प्रश्न : हंगामात आम्ही रोज द्राक्षे खातो. तेवढे फळ पुरे नाही का?

उत्तर : नाही. 100 ग्रॅम पेरूत सुमारे 200 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते, तेवढ्याच द्राक्षांत अवघे काही मिलिग्रॅम. मधुमेह असल्यास घडच्या घड संपवू नयेत.

प्रश्न : वडील रक्त पातळ करणारी वॉरफॅरिनची गोळी घेतात आणि मानेसाठी कायरोप्रॅक्टिक उपचारही सुरू करणार आहेत. पालेभाज्या बंद कराव्यात का?

उत्तर : बंद करू नयेत. पालेभाज्यांतील के जीवनसत्त्व या गोळीचा परिणाम कमी करते, म्हणून त्यांचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे. भाज्या बदलायच्या असतील तर डॉक्टरांना सांगून बदलाव्यात आणि रक्ताची तपासणी चुकवू नये. अशा रुग्णाची मान झटक्याने वळवल्यास रक्तस्रावाचा धोका असतो, त्यामुळे गोळी देणाऱ्या डॉक्टरांची संमती मिळेपर्यंत मानेला हात लावू देऊ नये.