लाळ, थुंकी आणि चयापचयज

प्रश्न असा : आरोग्यविषयक लेखाचा अनुवाद करताना 'सलायव्हरी मेटाबोलाइट्स'ला 'थुंकीतील टाकाऊ द्रव्ये' म्हटलं तर चालेल का?

माझ्या मते दोन्ही शब्द बदला.

आधी थुंकी. लाळ ग्रंथींतून पाझरते. ती तोंडाबाहेर टाकली की थुंकी. बोलताना एवढा भेद कोणी पाळत नाही, पण क्षयरोगाच्या 'थुंकी तपासणी'ने इथे घोळ करून ठेवला आहे. तिथे हवा असतो तो खोल खोकून छातीतून काढलेला बेडका, नुसती थुंकी उपयोगाची नाही. लाळेच्या अभ्यासात नेमकं उलटं. खाकरायचं नाही, मान खाली घालून आपसूक ओघळेल तेवढी लाळ नळीत जमवायची. म्हणून 'लाळ'च लिहा. लाळघोटेपणाचा वास नको म्हणून काहीजण 'लालारस' लिहितात. त्याची गरज नाही. थुंकी झेलणारे तरी कुठे कमी आहेत!

आता 'टाकाऊ'. मेटाबोलाइट म्हणजे चयापचयात वापरला जाणारा किंवा तयार होणारा लहान रेणू. त्यात ग्लुकोज आलं, अमिनो आम्लंही आली. ती टाकाऊ कशी? युरिया टाकाऊ खरा. मूत्रपिंडं निकामी होत गेली की तो लाळेतही वाढतो आणि तोंडाला अमोनियासारखा वास येतो.

शिवाय टाकाऊ कोणासाठी, हाही प्रश्न आहेच. तोंडातले जंतू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल सोडतात. त्यांच्या दृष्टीने ते टाकाऊ, पण दातावरचा सामू (पीएच; तो जितका कमी तितकं आम्ल जास्त) साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमल विरघळू लागतं, म्हणून दंतवैद्याच्या दृष्टीने तेच मुद्द्याचं. हिरड्यांचा आजार बळावलेल्यांच्या लाळेत कॅडाव्हरिन नावाचं द्रव्य जास्त आढळतं, तेही जंतूंचंच काम. (शब्दवेड्यांसाठी : हे नाव लॅटिनमधल्या मुडद्यावरून पडलं आहे. वास तसाच!)

म्हणून मला 'चयापचयज' बरा वाटतो. चयापचय माणसाचा की जंतूचा, हे तो शब्द मोकळं ठेवतो. फक्त त्याचं अनेकवचन जिभेवर अडतं, तेव्हा विशेषणासारखा वापरा : 'लाळेतील चयापचयज द्रव्यं'. पहिल्यांदा येईल तिथे शेजारी 'मेटाबोलाइट' लिहिलंत की वाचक अडखळणार नाही.

जाता जाता एक, मथळ्याबद्दल. जपानच्या केओ विद्यापीठातल्या आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये तोंडाच्या, स्तनाच्या आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची लाळ निरोग्यांच्या लाळेशी ताडून ५७ चयापचयज द्रव्यं वेगळी काढली. पण ती उपयोगी पडतात ती एकत्र पाहिल्यावर. एकट्या द्रव्यावरून निदान होत नाही. त्यामुळे 'लाळेवरून कॅन्सर कळतो' असं ठोकून देऊ नका. 'लाळेत कर्करोगाच्या खुणा' एवढं पुरे.