सहा महिने पोरीला ठेवायचं कुठं?

बीड जिल्ह्यातल्या शाळांमध्ये समुपदेशन करताना ऊसतोडीला जाणाऱ्या आईबापांकडून हा प्रश्न मला दरवर्षी ऐकू येतो. पावसाळा सरत आला की टोळ्या जमवणारा मुकादम उचल म्हणजे आगाऊ पैसे वाटतो, दिवाळीच्या आगेमागे टोळ्या साखर कारखान्यावर जातात आणि थेट गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. मागं घरात म्हातारी आणि वयात आलेली पोर. त्यांना नुसतं 'शाळा सोडू नका' म्हणून भागत नाही.

नववीतल्या एका मुलीचे आईवडील (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) भेटले ते स्थळ ठरत आल्यावरच. आई म्हणाली, "सासूला दिसत न्हाई. रातच्याला कुणी दार वाजवलं तर? लगीन लावून दिलं की आमी मोकळे." वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "जास्त शिकली तर नवराबी शिकलेलाच बघावा लागंल. हुंडा कुठून आणू, ताई?"

मुलगी 15 वर्षांची. 2006 च्या कायद्यानं 18 च्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हे मी स्पष्ट सांगितलं. पण नुसत्या कायद्याच्या धाकानं लग्न थांबेलच असं नाही, दुसऱ्या गावात गुपचूप उरकलंही जातं. मूळ भीती गेली पाहिजे.

मुलीशी एकटीशी बोलले, तर तिला वेगळाच घोर. लहान भाऊ आईसोबत फडात जाणार, त्याच्याकडं कोण बघणार? शिकायचं म्हणजे भावाला वाऱ्यावर सोडायचं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. त्याची जबाबदारी तुझी नाही, हे तिच्या आईच्याच तोंडून वदवून घ्यावं लागलं.

ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी समाजकल्याणची संत भगवानबाबा वसतिगृहं आहेत. कागद दाखवण्यापेक्षा आईला तिथं घेऊन गेले. तिनं न्हाणीघराची कडी आतून लावून, ओढून बघितली. रात्री आवारात कोण असतं, पाळीत पोट दुखलं तर कुणाला सांगायचं, फोन कधी लावू देतात, सगळं गृहपालबाईंना खोदून खोदून विचारलं. राहणं-जेवण मोफत म्हटल्यावर वडीलच म्हणाले, "घरी ठिवली असती तरी सा महिन्यांचा किराणा भरावाच लागला असता की."

राहिली भावकी. 'स्थळाला आता नाही कसं म्हणायचं?' अशा वेळी घरात कुणाचा शब्द चालतो, ते मी आधी विचारते. इथं मामाचा चालत होता. पोरगी 18 ची झाल्याशिवाय बोलणी नाहीत, असं मामानंच पाहुण्यांना जाऊन सांगितलं. दाखला तालुक्याच्या शाळेत गेला. ती आता दहावीत आहे.

तुमच्या घरी हाच पेच असेल तर उचल घेण्याआधी वसतिगृहाची चौकशी करा, टोळी निघताना धावपळ करून जागा मिळेलच असं नाही. अकरावी-बारावीला तालुक्याला जायचं झालं तर गावातल्या मुलींना 12 वी पर्यंत एसटीचा पास मोफत आहे, शाळेतूनच अर्ज होतो. धाकटी आठवीत असेल तर तिला एनएमएमएस या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसवा, निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला 12,000 रुपये तिच्या खात्यावर येतात. आणि शेजारपाजारी बालविवाह ठरल्याचं कानावर आलं, तर लग्नाच्या दिवसाची वाट न बघता ग्रामसेवकाला सांगा किंवा 1098 वर फोन करा.