फोल्डेबल फोनचे इंग्रजी व्हिडिओ पाहून इंग्रजी शब्द खरंच शिकता येतात का?

येतात, पण नुसतं पाहून नाही. तुम्ही लिहिलंय की इंदूरला राहता, घरी मराठी, बाहेर हिंदी. रिव्ह्यू रोज बघता, कळतं सगळं, पण बोलायची वेळ आली की एक शब्द तोंडात येत नाही. कारण सोपं आहे. कळून घ्यायचं काम तुमचे डोळे करतायत. समोरचा फोन उघडून दाखवत असतो, तेव्हा 'हिंज' (बिजागरी) हा शब्द कानावरून गेला तरी तुमचं काही अडत नाही. म्हणून डोळ्यांचं काम कमी करून कानाला आणि तोंडाला कामाला लावायचं. पुढचं सगळं त्यासाठीच आहे.

विषय मात्र छान निवडलाय. फोल्डेबलच्या, म्हणजे घडी होणाऱ्या फोनच्या, कुठल्याही व्हिडिओत तेच ठरावीक शब्द फिरून फिरून येतात, त्यामुळे उजळणी आपोआप होते.

आधी एक सेटिंग बघा. फोनची भाषा हिंदी असेल तर यूट्यूब बऱ्याच मोठ्या चॅनेलचे व्हिडिओ परस्पर हिंदी डबिंगमध्ये लावतं. व्हिडिओवरच्या चाकाच्या खुणेत जाऊन 'ऑडिओ ट्रॅक' मूळ इंग्रजीवर ठेवा. वेग 0.75 करा, त्याखाली गेलात तर आवाज ताणला जातो आणि शब्दाचा खरा ठोका हरवतो. कॅप्शन्स इंग्रजीच ठेवा, आणि तीही पहिल्या खेपेला बंद. आपोआप तयार झालेली कॅप्शन्स ब्रँडची नावं आणि नवे शब्द हमखास चुकवतात, तेव्हा स्पेलिंग डिक्शनरीत तपासूनच वहीत उतरवा.

कुठले व्हिडिओ? कंपनीचे लाँचचे सोडून द्या. त्यात 'स्टनिंग', 'सीमलेस', 'इमर्सिव्ह' असली विशेषणं असतात, ती दुकानात किंवा मुलाखतीत बोललात तर जाहिरात वाचल्यासारखं वाटतं. शब्दांची खरी खाण म्हणजे टिकाऊपणाची चाचणी आणि फोन खोलून दाखवणारे व्हिडिओ. तिथे क्रियापद आणि कृती एकाच क्षणी येतात. तिसरा प्रकार 'सहा महिन्यांनंतर' छापाच्या रिव्ह्यूंचा. 'हॅज हेल्ड अप वेल', 'हॅजन्ट क्रॅक्ड' ही रचना तिथे जितकी ऐकायला मिळते तितकी क्वचितच कुठे मिळेल.

पूर्ण व्हिडिओ घेऊ नका. दोन मिनिटांचा तुकडा पुरे. पहिल्यांदा फोन उलटा ठेवून फक्त ऐका आणि पकडलेले शब्द देवनागरीत का होईना, लिहून काढा. मग कॅप्शन्स लावून तोच तुकडा पाहा; अडलं की डावीकडे दोनदा टॅप केलं की व्हिडिओ दहा सेकंद मागे जातो. त्यातून सहा-सात शब्दच निवडा. चाळीस शब्दांची यादी करणारे तिसऱ्या दिवशी वही बंद करतात. शेवटी आवाज बंद करून व्हिडिओ चालवा आणि कॉमेंट्री तुम्ही करा. ती फोनवर रेकॉर्ड करा, नाहीतर कुठे अडखळलो ते कळत नाही.

शब्द सुटा लिहू नका, त्याच्या सोबत्यांसकट लिहा. हे वाक्य घ्या: 'द हिंज फील्स स्टिफ ॲट फर्स्ट, बट इट लूसन्स अप ओव्हर टाइम.' वहीत नुसतं 'हिंज म्हणजे बिजागरी' लिहिलंत तर ते तिथेच पडून राहील. 'स्टिफ हिंज', 'लूस हिंज', 'लूसन्स अप' अशा जोड्या लिहा. 'लूस' म्हणजे सैल आणि 'लूझ' म्हणजे हरवणं, हा 'स' आणि 'झ' चा फरक इथे कानाला पक्का करून घ्या. तीच गत 'क्रीस'ची, म्हणजे घडीच्या रेषेची. पँटच्या इस्त्रीला आणि क्रिकेटला आपण 'क्रीज' म्हणतो, पण इंग्रजीत शेवटी 'स' आहे. 'डेब्री' (कचरा, कण) मधला शेवटचा एस तर उच्चारतच नाहीत. अमेरिकन माणूस सॅमसंगच्या 'झेड फोल्ड' या फोल्डेबलला 'झी फोल्ड' म्हणतो. आधी माहीत नसेल तर मॉडेलचं नाव कळत नाही.

घडीच्या रेषेबद्दल बोलताना प्रत्येक रिव्ह्यूवाला एक पायरी निवडतो: 'बेअरली व्हिजिबल', 'फेंट', 'नोटिसेबल', 'प्रॉमिनंट'. ही चार विशेषणं या चढत्या क्रमाने पाठ करा. डाग, सुरकुती, बोलण्यातला हेल, कशालाही लागतात.

नुकसानीच्या शब्दांना मराठीचा आधार घ्या, हिंदीचा नको. इंदुरी हिंदीत सगळं 'टूट गया'त भागतं. मराठीत ओरखडा, पोचा, टवका आणि तडा वेगवेगळे आहेत, आणि इंग्रजीतही तसेच: स्क्रॅच, डेन्ट, चिप, क्रॅक. कटकन मोडलं तर 'स्नॅप', झिजलं तर 'वेअर आउट', सोलून निघालं तर 'पील ऑफ'.

या शब्दांसाठी 2019च्या सॅमसंगच्या पहिल्या फोल्डेबलवरचे, म्हणजे गॅलॅक्सी फोल्डवरचे व्हिडिओ शोधा. एप्रिलमध्ये काही रिव्ह्यूवाल्यांनी वरचा थर साधा स्क्रीनगार्ड समजून काढला आणि स्क्रीन बिघडली. काहींच्या फोनमध्ये हिंजच्या फटीतून कचरा आत गेला. सॅमसंगने विक्री पुढे ढकलली, थराच्या कडा बेझलच्या (स्क्रीनभोवतीच्या चौकटीच्या) आत नेल्या, हिंजच्या टोकांना टोप्या बसवल्या आणि सप्टेंबरमध्ये फोन पुन्हा आणला. 'लेयर', 'पील ऑफ', 'डेब्री', 'गॅप', 'कॅप', 'बल्ज' (फुगवटा), 'पोस्टपोन' हे सगळे शब्द एकाच घटनेत बांधलेले मिळतात. दुसऱ्या दिवशी ही हकिगत पाच इंग्रजी वाक्यांत सांगून बघा.

आकडे वेगळे घटवा, आपली माणसं तिथेच घसरतात. त्या पहिल्या गॅलॅक्सी फोल्डसाठी सॅमसंगचा दावा 2,00,000 घड्यांचा होता. ऐकू येतं 'टू हंड्रेड थाउजंड', आणि दोन लाख हे डोक्यात येईपर्यंत पुढची दोन वाक्यं निघून जातात. त्या फोनची किंमत 1,980 डॉलर होती. 'नाइन्टीन एटी' म्हटलं की सन वाटतं. 2020च्या सॅमसंगच्या झेड फ्लिपची काच 'थर्टी मायक्रॉन्स', म्हणजे 0.03 मिलिमीटर. तिच्यावर प्लास्टिकचा थर असल्यामुळे चाचणीत 'स्क्रॅचेस ॲट लेव्हल टू' असं ऐकू येतं (ही पातळी कठीणपणा मोजायच्या 'मोज' पट्टीवरची); नखाचा कठीणपणा साधारण अडीच, म्हणून नखानेही चरा उठतो. तिथला 'ॲट' सोडू नका. आणि 'वॉटर-रेझिस्टंट'ला 'वॉटरप्रूफ' म्हणू नका. 'आय-पी-एक्स-एट' हा धूळ-पाण्यापासून बचावाचा दर्जा; त्यात आठ पाण्यासाठी. धुळीच्या जागी 'एक्स' आहे, म्हणजे धुळीचा दर्जा दिलेलाच नाही.

शब्द फोनमध्येच अडकू नयेत म्हणून रोज दोन-तीन घरात फिरवा: कपाटाचा हिंज, चपलेचं वेअर आउट होणं, भिंतीवरचा क्रॅक. जेल रोडला किंवा एम.जी. रोडला एखाद्या दुकानात डेमोचा फोल्डेबल ठेवलेला दिसला तर उघड-मीट करत हळू आवाजात वर्णन करा. विक्रेत्याला गिऱ्हाईक वाटाल, हरकत नाही.

उजळणी दुसऱ्या, चौथ्या, आठव्या आणि सोळाव्या दिवशी. अँकीड्रॉइड हे उजळणीच्या कार्डांचं ॲप अँड्रॉइडवर फुकट आहे आणि उजळणीचे दिवस स्वतः ठरवतं. कार्डाच्या पुढच्या बाजूला मराठी वाक्य, मागे इंग्रजी. उलटं ठेवलंत तर पुन्हा नुसतं कळेल, बोलता येणार नाही.